जमीन द्यायची आहे? आधी तिचा राखणदार ठरवा

जमीन द्यावी असे मनात आलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोकणात वडिलोपार्जित सडा पडून आहे, देशावर चार एकर माळ आहे, गावच्या ओढ्याला लागून आजोबांनी राखलेली राई आहे. मुले पुण्यात, नाहीतर परदेशात. कसायला कुणी नाही आणि विकायला मन होत नाही, कारण विकली की महिन्याभरात तिथे जेसीबी येणार हे दिसत असते. मग ‘कुणाला तरी चांगल्या कामाला देऊन टाकू’ असे घरात बोलले जाते. बहुतेक घरांत ते बोलणे तिथेच राहते. काही घरांत भावनेच्या भरात सही होते, आणि दहा वर्षांनी त्याच जागेवर भलतेच काही उभे राहिलेले पाहावे लागते.

दोन्ही टाळता येते. जमीन कुणाच्या हाती जाते, नेमक्या कोणत्या कामासाठी जाते, आणि तुमच्या पश्चात तो शब्द मोडायला कुणी निघाले तर त्याला अडवणार कोण, या प्रश्नांची उत्तरे कागदावर आली म्हणजे दान पुरे झाले. त्याआधी नाही.

आपल्याकडे जमीनदानाची परंपरा मोठी आहे आणि तिच्यात दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमाला हिंगण्याची सहा एकर जागा दिली. १९०० साली तिथे पहिली झोपडी उभी राहिली आणि पुढे त्या माळावर मुलींच्या शिक्षणाचे केवढे काम झाले ते सर्वांना माहीत आहे. जागा घ्यायला तिथे एक संस्था होती, तिचे काम ठरलेले होते आणि ते काम जन्मभर करणारी माणसे होती. दुसरीकडे भूदान. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी विनोबांना शंभर एकर देऊ केली आणि तिथून देशभर लाखो एकरांची दानपत्रे जमा झाली. त्यांतली कितीतरी जमीन भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. काही नापीक होती, काही वादात होती, काहींचे वारस पुढे आले, काहींचे कागदच झाले नाहीत. देणाऱ्यांचे मन खोटे नव्हते. कागद कच्चे होते.

हाच प्रकार लहान प्रमाणात गावोगाव दिसतो. शाळेला, समाजमंदिराला, पाणवठ्याला, स्मशानाच्या रस्त्याला कुणीतरी तोंडी जागा दिली. देणारा गेला. सातबारा मात्र त्याच्याच नावावर राहिला, पुढे वारसनोंद झाली, आणि आता नातवंडे शाळेच्या मैदानाची मोजणी आणतात. गाव त्यांना लोभी म्हणते. पण दोष खरा त्या दिवशीचा, ज्या दिवशी ‘आपल्यात कागद कशाला’ असे म्हटले गेले.

सातबारा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा

जमीन खरोखर तुमची आहे का आणि तुम्हाला ती देता येते का, इथून सुरुवात करा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ असेल तर वाट बरीच मोकळी. वर्ग २ असेल, म्हणजे जमीन इनामातून, कूळकायद्यातून, सरकारी वाटपातून किंवा भूदानातून आलेली असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतर होत नाही. बक्षीस हेही हस्तांतरच आहे. ‘मी विकत नाही, फुकट देतोय’ हे तिथे चालत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे जायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची बंधने आहेत, आणि ती असावीत असेच मी म्हणेन.

‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. सोसायटीचा जुना बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट हे सगळे तिथे असते. कोकणात आणि ठाणे-रायगड पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने संपादन कायद्याने राज्यातली बरीच खाजगी वने शासनाकडे गेली. तशी नोंद तुमच्या गटावर असेल तर जी जमीन तुम्ही देऊ पाहता ती कदाचित तुमच्याकडे उरलेलीच नाही. जुने फेरफार काढून हे आधी तपासून घ्या. गट मोठा असून त्यातला तुकडाच द्यायचा असेल तर तुकडेबंदी कायदा आडवा येतो. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचा दस्त नोंदवताना अडचण येते, म्हणून आधी चौकशी करा.

पण सर्वांत जास्त दाने अडतात ती घरात. जमीन स्वकष्टार्जित असेल तर तुमचा शब्द शेवटचा. वडिलोपार्जित आणि अविभक्त असेल तर नाही. हिंदू कायद्याच्या मुंबईकडील परंपरेत सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण इतरांच्या संमतीवाचून तो बक्षीस देता येत नाही. कर्त्याला धर्मकार्यासाठी वडिलोपार्जित स्थावरातला अल्प भाग देण्याची मुभा आहे, पण न्यायालये ती मुभा फार जपून मोजतात. शिवाय २००५ पासून मुलीही जन्माने सहहिस्सेदार आहेत. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही ‘ती काय, देईलच’ म्हणून शेवटावर ठेवू नका. तिला पहिल्या दिवशी विचारा. रीतसर वाटप करून घ्या, आपला हिस्सा वेगळा मोजून घ्या, किंवा सगळ्यांना संमतीदार म्हणून दस्तात घ्या. मुस्लिम कुटुंबांत हिबा आणि वक्फ यांचे नियम निराळे आहेत, त्यासाठी त्या कायद्याचा जाणकार वकील गाठावा.

परदेशी असलेल्या भावंडांकडून कुलमुखत्यारपत्र घ्यायचे असेल तर त्यात ‘बक्षीस देण्याचा अधिकार’ स्पष्ट लिहिलेला हवा. नुसत्या ‘व्यवस्था पाहणे’ या शब्दांवर दान उभे राहत नाही. आणि ते पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावून घ्यावा लागतो.

शेवटी मोजणी. भूमी अभिलेखकडून रीतसर मोजणी करून क-प्रत घ्या आणि सरहद्दीचे दगड पुरून घ्या. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांना त्या दिवशी बोलवा. हा खर्च नंतरच्या वीस वर्षांच्या कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त पडतो.

कुणाच्या हाती द्यायची

शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, क्रीडांगण अशा कामाला ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका हीच साधी वाट आहे. मात्र तोंडी आश्वासनावर थांबू नका. जागा कोणत्या कामासाठी स्वीकारली याचा ठराव ग्रामसभेत होऊ द्या, त्याची प्रत दस्ताला जोडा.

शहरात जमीन असेल तर आधी विकास आराखडा आणि झोन दाखला पाहा. तुमच्या प्लॉटवर उद्यानाचे किंवा मैदानाचे आरक्षण असेल तर नगररचना कायद्याच्या कलम १२६ खाली ती जागा देऊन पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर घेता येतो. अशा वेळी ती जागा महापालिकेला फुकट देण्यात फारसे पुण्य नाही. टीडीआर घ्यावा आणि तो पैसा दुसऱ्या, आरक्षण नसलेल्या पण जपण्याजोग्या जमिनीच्या राखणीला लावावा, असे माझे मत आहे.

रान, गवताळ माळ, पाणथळ, देवराई जपायची असेल तर सार्वजनिक न्यासाचा विचार करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६ प्रमाणे अशा न्यासाला आपली स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि इतर जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. देणाऱ्याच्या पश्चात उभे राहणारे हे सर्वांत मजबूत कुंपण आहे. ते अभेद्य नाही, पण जमिनीला हात लावण्याआधी विश्वस्तांना एका बाहेरच्या अधिकाऱ्यापुढे कारणे मांडावी लागतात. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हे कुंपण सहसा नसते. म्हणून संस्था कितीही नामांकित असो, तिची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी विचारा. मागच्या काही वर्षांचे हिशोब मागा, विश्वस्त बदलल्याचे अर्ज धर्मादाय कार्यालयात वेळेवर मंजूर झालेत का ते पाहा. विश्वस्तांत आपसात वाद चालू असेल तर तिथे जमीन देऊ नका.

शेतजमीन संस्थेला देताना आणखी एक दार उघडावे लागते. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात कूळकायद्याचे कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्यास मनाई करते, आणि संस्था सहसा शेतकरी ठरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. विदर्भ आणि मराठवाड्याचे कूळकायदे वेगळे आहेत, म्हणून तिथला नियम तिथल्याच तहसीलात विचारा.

मालकी न सोडताही जमीन राखता येते

अमेरिकेत जमीन स्वतःकडे ठेवून तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा कायमचा सोडून देण्याची सोय आहे. आपल्याकडे तशी थेट तरतूद नाही. पण त्याच्या जवळ जाणाऱ्या वाटा आहेत, आणि लोकांना त्या माहीत नसतात.

भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ३८ वाचून पाहा. वन तयार करण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी जमीनमालक जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विनंती करू शकतो की माझ्या जमिनीची व्यवस्था ठरलेल्या अटींवर वन अधिकाऱ्याने पाहावी. मालक अनेक असतील तर दोन तृतीयांश हिस्सेदार पुरतात. सामाईक मिळकतीत एखादा हिस्सेदार आडून बसतो तेव्हा ही सोय फार उपयोगी आहे.

दुसरी वाट वन्यजीव कायद्यातली. २००२ च्या दुरुस्तीने त्यात ‘सामुदायिक राखीव’ हा प्रकार आला. गावाने किंवा एकट्या मालकानेही स्वतःहून वन्यजीव आणि त्यांचा अधिवास जपायचे ठरवले असेल, तर राज्य शासन ती खाजगी जमीन राखीव म्हणून जाहीर करू शकते. मालकी तुमचीच राहते. पण एकदा अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांच्यावाचून जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणजे उद्या पुतण्याने रिसॉर्टचा घाट घातला तरी वाट अडलेली असते.

तिसरी वाट नुसत्या कराराची. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरकडे पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ने खाजगी रानांच्या मालकांशी संवर्धन करार केले आहेत. मालक ठरलेल्या मुदतीपर्यंत झाडे तोडायला देत नाही आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. बेहड्याच्या ज्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत धनेश घरटे करतो, ती झाडे लाकडाच्या वखारीत न जाता उभी राहावीत, हा त्यामागचा विचार. दान द्यायला घर अजून तयार नसेल तर असा करार, किंवा एखाद्या संस्थेला नोंदणीकृत भाडेपट्टा, ही चांगली सुरुवात आहे. दहा वर्षांत संस्था कशी वागते तेही कळते.

संबंध गावानेच ठरवले तर काय होते तेही महाराष्ट्रात पाहायला मिळते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ साली आपली खाजगी शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला द्यायचा निर्णय घेतला. कसणारा कसतोच, पण जमीन गावाबाहेर विकली जात नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची सवय गावाला लावली होती, म्हणून हे जमले. घाईने हे होत नाही.

दस्तात काय लिहायचे

बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यावर तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात, आणि घेणाऱ्याने ते तुमच्या हयातीत स्वीकारावे लागते. म्हणून संस्थेचा स्वीकृतीचा ठराव त्याच दिवशी जोडा. नोंदणीनंतर फेरफाराचा अर्ज द्या आणि सातबाऱ्यावर नवे नाव चढलेले डोळ्यांनी पाहा. तोवर काम संपलेले नाही.

आता अटींबद्दल. पुष्कळजण मालकी पूर्ण सोडतात आणि खाली लिहितात की ही जमीन कधीही विकू नये. असे सरसकट बंधन कायदा सहसा मानत नाही. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ हेही चालत नाही. चालते ते असे, की ठरावीक घटना घडली, म्हणजे जागेचा ठरलेला उपयोग बंद झाला किंवा त्यावर व्यापारी बांधकाम झाले, तर बक्षीस रद्द होईल. ती घटना तुमच्या मर्जीवर अवलंबून नसावी, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ चे सांगणे. जमीन परत वारसांकडे यावी की त्याच कामाच्या दुसऱ्या न्यासाकडे जावी, हे वकिलाबरोबर बसून ठरवा. मी दुसरा न्यास सुचवेन. वारसांकडे परत आलेली जमीन विकली जाण्याचीच शक्यता जास्त.

हेतूचे शब्द मोघम नकोत. ‘पर्यावरणासाठी’ असे लिहिले की उद्या तिथे निलगिरीची लागवडही पर्यावरण ठरते. जमिनीवर काय आहे ते लिहा, आणि त्यासाठी निदान एक वर्ष तिन्ही ऋतूंत तिची पाहणी करा. कोकणातला सडाच घ्या. मार्चमध्ये पाहिला तर नुसता काळा, कोरडा कातळ. कुणीही म्हणेल की इथे माती टाकून झाडे लावावीत. तोच सडा आषाढात पाहा. कातळातल्या वीतभर खोल खळग्यांत पाणी भरलेले असते, त्यात बेडकांची अंडी असतात. बोटभर मातीच्या थरावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या किडे धरून जगणाऱ्या वनस्पती उगवतात, आणि भाद्रपदात गेंदांनी सडा पांढरा होतो. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले ते अशाच वनस्पतींमुळे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि त्यांतली अनेक खाजगी मालकीत आहेत. अशा जागी झाडे लावणे म्हणजे नासधूस. देशावरच्या माळरानाचेही तेच. नान्नजला ज्या गवताळ माळासाठी माळढोक अभयारण्य झाले त्या प्रकारच्या माळावर दाट लागवड केली की काळवीट, लांडगा, चंडोल सगळे उठून जातात. म्हणून दस्ताला पक्ष्यांची, झाडांची, पाण्याच्या जागांची यादी आणि नकाशा जोडा. काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही हे जास्त स्पष्ट लिहा: माती उपसायची नाही, बोअर मारायची नाही, लागवड करायची नाही, रस्ता रुंद करायचा नाही.

त्या जमिनीवर आधीपासून कोण येते तेही लिहा. धनगराचा वाडा पावसाळ्यानंतर तिथे उतरत असेल, कातकरी कुटुंबाचे झोपडे असेल, बायका लाकूडफाट्याला येत असतील, पालखीची वाट जात असेल. संवर्धनाच्या नावाने त्यांना बाहेर काढले तर ते दान नव्हे. त्यांचा वापर कोणता, किती आणि कुठे, हे त्यांच्याशी बोलून दस्तात घाला. जागेची राखण शेवटी तीच माणसे करणार आहेत.

पैशाचे बोलू या

बक्षीसपत्राला बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क लागते. मुलाला किंवा नातवाला शेतजमीन बक्षीस देताना जी दोनशे रुपयांची सवलत मिळते ती संस्थेला मिळत नाही. ही रक्कम मोठी असू शकते, ती कोण भरणार ते आधी ठरवा. आयकरात देणगीवरची वजावट जमिनीच्या दानाला मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला मिळते. पण बक्षीस दिल्याने भांडवली नफ्याचा कर मात्र तुमच्यावर येत नाही.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. जमिनीबरोबर थोडा निधीही द्या. कुंपणाची डागडुजी, राखणदाराचा पगार, फेब्रुवारीत वणव्याआधी काढायच्या जाळरेषा, शेतसारा हा खर्च दरवर्षी येतो, आणि पैसा नसलेल्या संस्थेच्या हाती गेलेली जमीन पाच वर्षांत अतिक्रमणाखाली जाते. त्या निधीला, संस्था पात्र असेल आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल तर, वजावट मिळते. वीस एकर देऊन निधी न देण्यापेक्षा पंधरा एकर आणि पाच एकरांच्या किमतीचा निधी देणे मला जास्त पटते.

हयातीत सोडवत नसेल तर मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नसली तरी करावी, दोन साक्षीदार लागतातच. वडिलोपार्जित मिळकतीतला अविभक्त हिस्सा, जो बक्षीस देता येत नाही, तो हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो. मात्र संस्थेला आधी कळवा आणि मुलांनाही सांगा. कपाटातून अचानक निघालेल्या मृत्युपत्राला घरातूनच आव्हान मिळते.

या सगळ्याला दोन-तीन वर्षे लागतील, हे धरून चाला. आणि सत्तरी ओलांडेपर्यंत थांबू नका. परवानग्यांसाठी तहसीलच्या खेपा घालण्याची ताकद असतानाच हे काम हाती घ्या. सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या नकला आता घरबसल्या संगणकावर निघतात. त्या या आठवड्यात काढा, आणि वकिलाकडे जाण्याआधी सगळ्या वारसांना एकदा त्या जमिनीवर घेऊन जा.